‘एकदम चिल्ड दे’ म्हणण्याआधी

तासगावचा माझा एक मित्र बेदाण्यातला माणूस आहे. सौद्याच्या दिवशी त्याच्याबरोबर उभं राहावं. पेटीतून मूठभर बेदाणा उचलतो, तळहातावर पसरतो, उजेडाकडे धरतो, एक दाणा दोन बोटांत दाबतो, नाकाशी नेतो आणि मगच तोंडात टाकतो. पाऊस लागलेला माल, शेडमध्ये नको तितके दिवस राहिलेला माल, द्राक्षं वाळवण्याआधी बुडवतात त्या डिपिंगचं तेल जास्त झालेला माल, सगळं त्याला त्या एका दाण्यात कळतं. संध्याकाळी हाच माणूस परमिट रूममध्ये बसला की वेटरला दोन शब्द सांगतो. ‘स्ट्राँग. चिल्ड.’ चव कसली, वास कसला, याच्याशी त्याला काही घेणं नाही. बाटलीला बाहेरून घाम फुटलेला असला की झालं.

सातारा-सांगलीकडच्या बिअर पिणाऱ्यांत असे शंभरातले नव्वद निघतील. मीही वर्षानुवर्षं त्यातलाच होतो. आपली जीभ अडाणी नाही. ज्वारी मालदांडी आहे की हायब्रीड हे भाकरीच्या पहिल्या घासाला सांगणारी माणसं आपण, हळद कुटतानाच्या वासावरून भाव करणारी माणसं. मग ग्लास हातात आला की ही जीभ कुठे जाते?

उत्तर त्या दोन शब्दांतच आहे.

आधी ‘स्ट्राँग’चं बघू. आपल्या कायद्याप्रमाणे पाच टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर माइल्ड आणि पाच ते आठ टक्क्यांची स्ट्राँग. देशात खपते ती बहुतेक स्ट्राँगच. कारण सरळ आहे, तेवढ्याच बाटलीत किक जास्त. ही बिअर लागर जातीची असते. लागर म्हणजे जर्मन भाषेत साठवण, कोठार. थंड तळघरात, आठ-दहा अंशांवर सावकाश काम करणाऱ्या यीस्टने ती आंबवतात आणि मग कित्येक आठवडे थंडीतच मुरू देतात. १८४२ साली बोहेमियातल्या पिल्सन गावात योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन माणसाने सोनेरी, स्वच्छ लागर केली आणि जगभरच्या पिवळ्या बिअरचं कूळ तिथे सुरू झालं. पण मूळची पिल्सनर काही बेचव नाही. तिला चांगला कडवटपणा आहे, ताज्या पावासारखा वास आहे. बेचवपणा नंतर आला. जवाच्या जोडीला तांदूळ, मका, साखर असा स्वस्त माल घालायचा, कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं नावापुरती ठेवायची, बारीक गाळून, पाश्चराइज करून महिनोन्‌महिने टिकेल अशी करायची. कुणाच्याही जिभेला काही खटकू नये अशी वस्तू बनवत गेलं की शेवटी जिभेला काही लागतच नाही.

आता ‘चिल्ड’. आमरस फ्रीजमधून काढून लगेच वाढला तर घरातली आजी काय म्हणते? ‘जरा बाहेर राहू दे, चव उतरू दे.’ बर्फगार आमरसाला गोडी कमी लागते आणि हापूसचा वास तर जवळजवळ येतच नाही. वासाचे कण उडायला थोडी ऊब लागते आणि गारठलेली जीभही अर्धी बहिरी होते. बिअरचंही तसंच. घरी एकदा करून बघण्याजोगा प्रयोग आहे. नेहमीची स्ट्राँग अर्धा ग्लास ओतून वीस मिनिटं तशीच ठेवा आणि मग वास घ्या. कधी उकडलेल्या मक्याचा वास येईल, कधी नेलपॉलिशसारखा, कधी नुसत्या स्पिरिटचा. तुमची बाटली बर्फात घालून का देतात ते तेव्हा कळतं. सगळ्या बाटल्या तशा नसतात, हेही खरं. पण ज्यांना चव दाखवायची असते ते पिणाऱ्याची जीभ आधी बधिर करून ठेवत नाहीत.

आता बिअर होते कशी, हे आजीच्या स्वयंपाकघरातून सांगतो, कारण कारखान्यातून सांगितलं की उगाच अवघड वाटतं. आमच्या घरी नाचणीचं सत्त्व व्हायचं. नाचणी रात्रभर भिजत घालायची, फडक्यात घट्ट बांधून टांगायची, मोड आले की सावलीत वाळवायची, मंद भाजायची, दळायची, वस्त्रगाळ करायची. ते फडकं सोडलं की जो ओलसर, गोडूस वास यायचा तो मला आजही आठवतो. मोड आलेला दाणा वाळवून चावून बघा, गोड लागतो. दाण्यातल्या पिठाची साखर करणारी द्रव्यं मोड येताना जागी होतात. घटस्थापनेला आपण मातीत धान्य रुजवतो तेव्हा त्या इवल्या दाण्यांत हेच चाललेलं असतं. बिअरवाला जवाला, म्हणजे सातूला, मोड आणून भट्टीत वाळवतो. त्याला म्हणायचं माल्ट. मग माल्टचा भरडा साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून, हॉप्सची फुलं घालून उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट सोडायचं. बास. आंबील, कुरडईचा चीक, इडलीचं पीठ करणाऱ्या घराला यात नवीन फक्त हॉप्स आहेत.

आणि विरजण तर आपण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतो. मागच्या दह्याचा चमचा पुढच्या दुधाला, तसंच युरोपातले बिअरवाले मागच्या घाण्याचा गाळ पुढच्या घाण्याला लावायचे. तो गाळ म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. १५१६ सालचा बव्हेरियाचा प्रसिद्ध शुद्धतेचा कायदा बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच असावं असं सांगतो. यीस्टचं त्यात नाव नाही. पाश्चरचं बिअरवरचं पुस्तक १८७६ साली आलं आणि १८८३ साली कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. तेव्हापासून विरजण बिघडायचं प्रमाण कमी झालं. पण त्याचबरोबर जगभर एकाच चवीच्या बिअरचा रस्ताही मोकळा झाला.

क्राफ्ट बिअर म्हणजे या रस्त्यावरून मागे फिरणं. छोट्या टाक्या, कमी माल आणि बिअर करणाऱ्याची स्वतःची आवड. महाराष्ट्रात याची सुरुवात पुण्याला झाली. २००९ साली उंड्रीकडच्या एका क्लबात ‘डूलाली’ नावाची मायक्रोब्रुअरी निघाली आणि बिअर करायला जर्मन ब्रूमास्टर आणला गेला. हे नाव ऐकायला विलायती वाटतं, पण ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं आहे. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोजीर महिनोन्‌महिने पडून असायचे. उन्हाने, कंटाळ्याने, दारूने त्यांची डोकी फिरायची आणि अशा माणसाला इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ झालाय असं म्हणायला लागले. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. म्हणजे देवळालीचा ताप विलायतेला जाऊन शब्दकोशात बसला आणि शंभर वर्षांनी बिअर होऊन पुण्यात परत आला. पुढे २०१४ च्या आसपास पुण्यात इंडिपेंडन्स आणि एफिंगट, डोंबिवलीला गेटवे अशी नावं निघाली. २०१८ च्या सुमारास गोव्याने ‘एट फिंगर एडी’ ही आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, बाटलीत भरली.

मला आणि माझ्या तासगावच्या मित्राला पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत नेलं ते माझ्या भाच्याने. भाचा आयटीतला, त्याचं बिअरचं ज्ञान ताजं आणि उत्साह त्याहून जास्त. त्याने पहिल्याच फटक्यात मित्रासमोर आयपीए ठेवली. मित्राने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, ‘मर्दा, काढा दिलायस काय रं ह्यो?’ भाचा म्हणाला, ‘काका, याचा अरोमा बघा ना!’ काकांनी अरोमा बघितला नाही. ग्लास सरकवला आणि वेटरला विचारलं, ‘साधी स्ट्राँग हाय का न्हाई तुमच्यात?’

ही चूक मी पुष्कळांना करताना पाहिलंय. नव्या माणसाला आपल्याला जे सर्वांत आवडतं ते द्यायचं नसतं. कारल्याची भाजी आवडायला वय लागतं, तसंच आयपीएचं. इंडिया पेल एल हे नाव आपल्या देशावरूनच पडलंय. लंडनचे हॉजसन आणि नंतर बर्टनवाले हॉप्स जास्त घातलेली फिकी एल जातीची बिअर गलबतांतून मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांसाठी पाठवायचे. हॉप्समुळे बिअर लवकर नासत नाही आणि चार-सहा महिन्यांच्या प्रवासात ती छान मुरायची. महाबळेश्वरला उन्हाळा काढायला येणाऱ्या साहेबांच्या टेबलावरही ती असणार. पण त्या साहेबांच्या जिभा लहानपणापासून कडू एलवर पोसलेल्या होत्या. तासगावच्या माणसाला थेट तिथे नेऊन उभं करणं म्हणजे गाणं ऐकायला नव्याने आलेल्याला पहिल्याच बैठकीत दोन तासांचा विलंबित ख्याल ऐकवण्यासारखं आहे.

त्यापेक्षा गव्हापासून सुरुवात करावी. मी त्या दिवशी मित्रासाठी टेस्टर मागवले. म्हणजे लाकडी फळीवर पाच-सहा इवले ग्लास येतात, प्रत्येकात दोन-चार घोट. पहिला होता हेफेवाइझन, बव्हेरियन गव्हाची बिअर. रंग ढगाळ, ताकावरच्या निवळीसारखा, वर जाड फेस. ‘पिऊ नकोस, नुसता वास घे, बेदाण्याचा घेतोस तसा,’ मी म्हटलं. त्याने घेतला. पुन्हा घेतला. मग म्हणाला, ‘केळं हाय ह्यात. वेलची केळं.’ आणि थोड्या वेळाने, ‘आन्‌ लवंग.’

बिअरमध्ये केळंही नसतं आणि लवंगही नसते. दोन्ही वास यीस्ट तयार करतं. पिकलेल्या केळ्यात जे द्रव्य असतं तेच हे यीस्ट आंबवताना बनवतं आणि लवंगेच्या द्रव्याचं एक सख्खं भावंडही. पाणी तेच, माल्ट तेच ठेवून नुसतं यीस्ट बदललं तरी बिअर ओळखू येणार नाही इतकी बदलते. हे पटलं की माणसाला पहिल्यांदा वाटतं की या ग्लासात बघण्यासारखं काही तरी आहे. दुसऱ्या ग्लासात बेल्जियमची विटबिअर होती, तीही गव्हाचीच. तिच्यात संत्र्याची साल आणि धणे घालतात. होय, आपले मसाल्याचे धणे. ही बिअर १९५० च्या दशकात जवळजवळ संपलेली होती. पिअर सेलिस नावाच्या माणसाने १९६० च्या दशकात ह्युखार्डन गावी ती पुन्हा सुरू केली आणि आज पुण्या-मुंबईत क्राफ्टची ओळख बहुतेकांना तिच्यापासूनच होते.

फेसाबद्दल थोडं. आपल्याकडे ग्लास तिरका धरून, फेस येऊ न देता ओतणारा वेटर हुशार समजतात. ‘फेस नको, बिअर दे, पैसे कशाचे घेतो?’ पण बोट-दीड बोट फेस हवाच. वासाचे कण तोच वर घेऊन येतो आणि खालची बिअर लवकर उडू देत नाही. फेसाचा वैरी एकच, तेल. ग्लासाला तेलकट बोट लागलं, ओठाला भडंगाचं तेल असलं, की फेस बसतो. सांगली-जयसिंगपूरचं भडंग बिअरबरोबर किती झकास जातं हे मी सांगायला नको, पण मध्ये ओठ पुसावेत. मित्राने हे ऐकून रुमाल काढला आणि ओठ असे पुसले की जणू लग्नात फोटो काढायचाय.

पुढचा ग्लास काळा होता. काळी बिअर म्हटलं की इकडची माणसं आधी घाबरतात. ‘ही लई कडक असंल.’ रंगाचा आणि अल्कोहोलचा काही संबंध नाही. आयर्लंडची प्रसिद्ध काळी स्टाउट आपल्या स्ट्राँगपेक्षा बरीच हलकी असते. काळेपणा येतो भाजण्यातून. १८१७ साली डॅनिअल व्हीलरने लंडनमध्ये माल्ट कॉफीच्या बियांसारखं फिरत्या पिंपात भाजायची रीत काढली. त्यानंतर थोडंसं करपवलेलं माल्ट घालून अख्खी बिअर काळी करता येऊ लागली. साताऱ्याच्या माणसाला हे कंदी पेढ्याने समजावणं सगळ्यांत सोपं. पांढऱ्या पेढ्याचा आणि कंदी पेढ्याचा खवा एकच. कंदीचा खवा तांबूस होईपर्यंत भाजतात, म्हणून त्याला तो खरपूस, कमी गोड, किंचित कडसर वास येतो. फिक्या माल्टपासून तांबूस माल्ट, तांबूसपासून काळं माल्ट, हाच तो प्रवास आहे. स्टाउटच्या घोटावर कंदी पेढ्याचा तुकडा खाऊन बघा. मी बघितलाय. घरचे हसले, पण दुसरा तुकडा त्यांनीही मागितला.

आणि या काळ्या ग्लासातच कळतं की थंडीचं प्रकरण काय आहे. आला तेव्हा तो नुसता कडवट लागला. बोलत बोलत दहा-बारा मिनिटं गेली आणि त्यातून कॉफी आली, मग चॉकलेटसारखं काही, शेवटी भाकरीच्या पापुद्र्याचा वास. मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना पाहिलंय का? घोडीचा पृष्ठभाग कानस-पॉलिशपेपरने केसभर घासतात, दोरा सरकवतात, तार छेडतात, पुन्हा घासतात. तार तीच असते. पण जवारी बंद असली तर सूर सपाट लागतो आणि उघडली की त्याच तारेतून सगळे उपसूर निघायला लागतात. बर्फगार बिअर म्हणजे बंद जवारी. हलक्या गव्हाच्या बिअरला सहा-सात अंश, काळीला दहा-बारा अंश, एवढी ऊब लागते.

शेवटच्या ग्लासाचा मला भरवसा नव्हता. गोझ. गोस्लार गावची मूळ, पण लाइपझिगने जपलेली जर्मन बिअर. आंबट, खारट, धणे घातलेली. आंबटपणा येतो तो दह्यातल्या जिवाणूंच्याच भावकीतून. पुण्यात मीठ आणि कोकम घालून केलेली एलही मिळायला लागली. स्ट्राँग पिणाऱ्याला खारट-आंबट बिअर द्यायची म्हणजे धाडसच. मित्राने घोट घेतला, भुवया वर गेल्या. त्याने ग्लास उंच धरला, पुन्हा प्यायला आणि म्हणाला, ‘मर्दा, ह्यो तर पंगतीतला मठ्ठा!’ मीठ, धणे, आंबट. त्याचं बरोबरच होतं. लाइपझिगचा मठ्ठा. जी बिअर अमेरिकनांना कळायला दशकं लागली ती सांगलीकराला एका घोटात कळली, कारण त्या चवीचं खातं त्याच्या जिभेत आधीच उघडलेलं होतं. तेव्हापासून मी आमच्याकडच्या माणसांना आयपीएच्या आधी गोझ देतो. पुस्तकं उलट सांगतात.

हे सगळं पुण्याला जाऊनच का करायचं? कारण खरी क्राफ्ट बिअर सहसा पाश्चराइज केलेली नसते. ती दुधासारखी आहे, थंडीत ठेवायची आणि लवकर संपवायची. चैत्रात सांगलीला पारा चाळिशीला जातो. तिथे एखादं खोकं दुकानाबाहेर उन्हात दोन तास पडून राहिलं तरी संपलं. ऊन लागलं की हॉप्सपासून चक्क स्कंकसारखा उग्र वास तयार होतो; बिअरची बाटली तपकिरी असते ती त्यासाठीच. मी एकदा मोठ्या हौसेने महागडी हिरव्या काचेची बाटली घेतली होती, दुकानाच्या शोकेसमध्ये उभी होती म्हणून दिसली. उघडली आणि बेसिनमध्ये ओतली. शिवाय पैसा. पुण्यात एका ग्लासाला जे पडतं त्यात इकडे बाटली आणि वर चखणा येतो. गावाकडच्या माणसाने किक मोजली तर त्याला दोष देता येत नाही.

आणि हे लिहिताना मला साताऱ्यातल्या त्या बायकाही आठवतात ज्यांनी गावोगाव मतदान करून बाटली आडवी केली, दारूची दुकानं बंद पाडली. ज्या घराने दारू भोगलीय त्या घरासमोर मी चवीचं कौतुक सांगत बसणार नाही. ‘परमिट रूम’ हा शब्द तरी कुठून आला? १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्याकडे प्यायला परवाना लागतो, म्हणून परवानाधारकांची खोली. आजच्या पोरांना हे ठाऊकही नसतं. दोन टेस्टर घेऊन तासभर गप्पा मारणारा आणि तीन बाटल्या भराभर रिचवून खंबाटकी घाट उतरणारा, या दोघांच्या पिण्यात फरक आहे एवढंच मी म्हणेन. आम्ही परत आलो ते भाच्याने गाडी चालवली म्हणून. त्याने त्या दिवशी लिंबू-सोड्यावर काढली होती.

नवं पेय इकडे सहज रुजत नाही, हा धडा सांगली जिल्ह्याला नवा नाही. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, नाशिककडे विंचूरला आणि आपल्याकडे पलूसला वाइन पार्क निघाले. नाशिकला वाइन रुजली. आपल्याकडचं द्राक्ष मुख्यतः बेदाण्याच्याच शेडकडे गेलं. मध मात्र वेगळ्या वाटेने निघालाय. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं आणि पुण्यात मूनशाइनसारखी मंडळी मध आंबवून मीड करतात. म्हणजे बिअर नव्हे, पण तिची थोरली बहीण.

त्या दिवशी निघताना ब्रुअर स्वतः टेबलाशी आला. तिशीचा तरुण, गमबूट घातलेला, हाताला माल्टचा वास. मित्राने त्याला सरळ विचारलं, ‘बेदाना घालता का कदी?’ मी सांगितलं की अमेरिकेत डॉगफिश हेड नावाच्या कंपनीने नव्वदच्या दशकातच बेदाणे आणि बीटाची साखर घालून बिअर केलीय, नाव ‘रेझाँ देत्र’. मित्र माझ्याकडे असं बघायला लागला, जणू मी ही गोष्ट इतकी वर्षं त्याच्यापासून लपवून ठेवली होती. मग त्याने खिशात हात घातला. सौद्याचा नमुना त्याच्या खिशात कायम असतो, प्लॅस्टिकच्या पुडीत. ब्रुअरने दोन दाणे चावले, डोळे मिटले आणि म्हणाला, ‘पाच किलो पाठवाल?’

‘धाडतो की,’ मित्र म्हणाला. मग ग्लासातल्या उरल्यासुरल्या फेसाकडे बघून त्याने पुडी परत मागून घेतली, एक दाणा अंगठ्याने चोळला आणि चकाकलेलं बोट ब्रुअरला दाखवलं. ‘पन डिपिंगच्या तेलाचा माल हाय ह्यो. आदी गरम पान्यानं दोनदा धुवून घे. न्हाईतर फेस बसंल तुझा.’